मोठ्या पेट्रोल विमानाची शेपटी : ट्रिम टिकत नाही, लूप सरळ जात नाही, तेव्हा काय तपासायचं

तक्रार साधारण अशी असते. रेडिओवर उडवायचं ५० सीसीचं एरोबॅटिक मॉडेल विमान, पंखांची लांबी सव्वादोन मीटरच्या आसपास, वजन साडेसात-आठ किलो. पहिल्या उड्डाणात ट्रिम (स्टिक मध्यात असताना विमान सरळ जावं म्हणून रेडिओवरून द्यायची बारीक दुरुस्ती) अचूक बसवला. दुसऱ्या उड्डाणात दोन क्लिक डावीकडे द्यावे लागले, तिसऱ्यात परत उजवीकडे. सरळ जाताना शेपटी हलकीशी डुलते. लूप (हवेतलं उभं वर्तुळ) घेतला की विमान वर जाता जाता एका अंगावर कलतं आणि बाहेर पडतं तेव्हा दहा-पंधरा अंश वळलेलं असतं. मग ट्रान्समीटर हातात घेऊन सबट्रिम (सर्व्होचा मध्य), एंड पॉइंट (त्याच्या फिरण्याची मर्यादा) आणि मिक्स (एका चॅनलला दुसऱ्याची जोड) या सेटिंगांशी झटापट सुरू होते. आठवडाभर बरं चालतं आणि तीच तक्रार पुन्हा येते.

पुन्हा येते, कारण दोष लाकडात, स्क्रूमध्ये किंवा केबलमध्ये तसाच राहिलेला असतो. रेडिओ फक्त सर्व्होचा, म्हणजे पृष्ठभाग हलवणाऱ्या छोट्या मोटरचा, दांडा फिरवतो. त्या दांड्यापासून एलिव्हेटरच्या (शेपटीवरच्या, नाक वर-खाली करणाऱ्या आडव्या हलत्या भागाच्या) मागच्या कडेपर्यंत सात-आठ सांधे असतात आणि त्यातला एखादा सैल असेल तर कुठलंही सेटिंग टिकणार नाही. म्हणून तपासणी मागून पुढे करायची : आधी स्टॅब (शेपटीचा आडवा स्थिर भाग), मग बिजागऱ्या, हॉर्न (पृष्ठभागावरचा दांडा), पुशरॉड (जोडणारी सळी) किंवा केबल, आर्म (सर्व्होवरचा दांडा), सर्व्हो, त्याची वायर आणि सगळ्यात शेवटी रेडिओ. हा क्रम उलटा केला की मूळ दोष सेटिंगखाली झाकला जातो.

आधी बोट लावून प्ले (सांध्यातली मोकळी हालचाल) शोधा

इग्निशनची बॅटरी काढून ठेवा. रिसीव्हर आणि ट्रान्समीटर चालू करा, म्हणजे सर्व्हो जागा धरून राहतील. एकाने एलिव्हेटरची मागची कड दोन बोटांत धरून हलकेच वर-खाली करायची. दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर बोट टेकवत जायचं, असं की बोटाचा अर्धा भाग सांध्याच्या अलीकडच्या भागावर आणि अर्धा पलीकडच्या भागावर येईल. प्ले असेल तिथे बोटाखाली टकटक जाणवते. डोळ्याला न दिसणारा पाव मिलिमीटरही असा कळतो.

पाव मिलिमीटर फार वाटत नाही, पण हिशोब करून बघा. हॉर्नचं भोक बिजागरीच्या रेषेपासून २५ मिमी लांब असेल आणि जोडणीत १ मिमी प्ले असेल, तर पृष्ठभाग सुमारे २.३ अंश मोकळा फिरतो. एलिव्हेटर १०० मिमी रुंद असेल तर मागच्या कडेला ४ मिमी. एवढ्या मोकळीकीत ट्रिमचे दहा क्लिक सहज हरवतात. पाव मिलिमीटर म्हणजे मागच्या कडेला १ मिमी. ही आमची मर्यादा : मागची कड १ मिमीपेक्षा जास्त मोकळी हलत असेल तर विमान उडवायचं नाही. ट्रिमचा त्रास हा त्यातला लहान भाग आहे. खरी भीती फ्लटरची. वेगात पृष्ठभाग थरथरायला लागला की सर्व्होचे गिअर, बिजागऱ्या आणि कधीकधी अख्खा स्टॅब एक-दोन सेकंदांत जातो.

हीच तपासणी रडरवर (शेपटीवरच्या, नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या उभ्या भागावर) करा. फक्त तिथे बोट सर्व्होच्या ट्रेवरही ठेवा. पातळ प्लायचा ट्रे रडर ढकलल्यावर वाकताना दिसतो. सर्व्होच्या रबरी ग्रोमेटमध्ये पितळी बुश उलटा बसवला असेल तर स्क्रू रबर दाबून टाकतो. तो आज घट्ट वाटतो आणि पुढच्या महिन्यात सैल होतो. बुशची रुंद कॉलर खालून, लाकडाच्या बाजूने आली पाहिजे. ट्रे वाकत असेल तर खालून ३ मिमी प्लायची आडवी पट्टी उभ्या कडेने चिकटवा. आणखी एक जाड प्लाय वरून आडवा चिकटवण्यापेक्षा ही उभी पट्टी जास्त काम करते.

स्टॅब

या आकारात स्टॅब बहुधा सुटा होणारा असतो. एक कार्बनची ट्यूब, तो फिरू नये म्हणून एक पिन, आणि बाजूने किंवा खालून एक स्क्रू. टोक धरून आधी वर-खाली, मग पुढे-मागे हलवा, मग पिळून बघा. वर-खाली हलत असेल तर ट्यूब खोबणीत सैल आहे. ट्यूबवर दोन ठिकाणी पातळ कॅप्टॉन टेपचा एकेक वेढा पुरतो. पिळल्यावर हलत असेल तर पिनेचं भोक मोठं झालंय.

हे भोक दुरुस्त करताना स्टॅबचा कोनही सुधारून घेता येतो, म्हणून ही संधी सोडू नका. पिनेला पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्या. भोकात ३० मिनिटांचा इपॉक्सी आणि थोडी मिल्ड फायबर किंवा बारीक बालसाची पूड मिसळून भरा, स्टॅब बसवा, कोन मोजून हव्या त्या जागी टेकू देऊन रात्रभर राहू द्या. सकाळी स्टॅब हलक्या झटक्याने निघतो आणि पिनेच्या मापाचं नवं भोक तयार मिळतं.

कोन मोजण्यासाठी विमान स्टँडवर ठेवून पंख शून्य अंशावर आणा आणि डिजिटल अँगल गेज दोन्ही स्टॅबवर मुळापासून सारख्या अंतरावर लावा. बहुतेक एरोबॅटिक विमानांत पंख आणि स्टॅब दोन्ही शून्यावर असतात. तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळं दिलं असेल तर तेच धरा. डाव्या-उजव्या स्टॅबमध्ये पाव अंशापेक्षा जास्त फरक नको. २५० मिमी रुंदीच्या स्टॅबवर पाव अंश म्हणजे कडेला जेमतेम १.१ मिमी. नुसत्या नजरेने हे दिसत नाही, आणि विमान मात्र सरळ उड्डाणात कायम एका अंगाला कलत राहतं. पायलट ते एलेरॉनच्या (पंखांवरच्या हलत्या भागांच्या) ट्रिमने सांभाळतो. वेग बदलला की ट्रिम चुकतो आणि दोष एलेरॉनवर येतो.

वरून चौरस आहे का हेही बघा. इंजिनाच्या फायरवॉलच्या (इंजिन ज्यावर बसतं त्या पुढच्या भिंतीच्या) मध्यापासून दोन्ही स्टॅबच्या टोकाच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत न ताणणारा दोरा लावून अंतर मोजा, ३ मिमीपर्यंतचा फरक चालेल. उभ्या फिनसाठी ओळंबा पुरतो. पंखांची ट्यूब लेव्हलमध्ये आणायची, ओळंबा मागून धरायचा, रडरच्या बिजागरीची रेषा त्याच्याशी जुळली पाहिजे.

बिजागऱ्या आणि फट

प्रत्येक बिजागरीजवळ पृष्ठभाग धरून मागे ओढून बघा. एक जरी किंचित सरकली तरी ती काढून पुन्हा चिकटवा. वरून फेव्हिक्विक सोडून भागत नाही. ते जुन्या गोंदावर नुसतं पसरतं आणि बिजागरीच्या सांध्यात शिरलं तर तिला जाम करतं. नवीन बसवताना सांध्याला टाचणीच्या टोकाने पेट्रोलियम जेली लावा, भोकात आतून सगळीकडे इपॉक्सी लागेल असा काडीने फिरवा. पॉइंट बिजागरीची (गोल दांड्याच्या बिजागरीची) पिन अगदी बिजागरीच्या रेषेवर हवी. एखादी आत-बाहेर बसली तर पृष्ठभाग फिरताना ती अडते, सर्व्हो जोर लावत राहतो, त्याची मधली जागा चुकते आणि बॅटरीही लवकर उतरते. पुशरॉड काढून पृष्ठभाग हाताने पूर्ण फिरवा. स्वतःच्या वजनाने तो खाली पडला पाहिजे.

स्टॅब आणि एलिव्हेटर यांच्यातली फट बंद करणं ऐच्छिक नाही. फटीतून हवा खालून वर जाते, एलिव्हेटरचा परिणाम कमी होतो, आणि दोन बाजूंची फट वेगवेगळी असेल तर परिणामही वेगवेगळा होतो. एलिव्हेटर पूर्ण वर करून खालच्या बाजूने पारदर्शक कव्हरिंगची व्हीच्या आकारात दुमडलेली पट्टी इस्त्रीने चिकटवा. चिकटवून झाल्यावर दोन्ही दिशांना पूर्ण फिरवून बघा, पट्टी ताणली जात असेल तर ती काढून परत लावा. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. सायलेन्सरमधून येणाऱ्या तेलाचा थर शेपटीवर खालून बसतोच, आणि त्यावर कुठलीच पट्टी टिकत नाही.

हॉर्न, पुशरॉड, आर्म

एलिव्हेटरचे दोन्ही हॉर्न सारखे असणं यावर लूपचा सरळपणा उभा आहे. ३० मिमी उंचीच्या हॉर्नमध्ये १ मिमीचा फरक म्हणजे फिरण्यात ३ टक्क्यांच्या वर फरक, ४५ अंशांवर सुमारे दीड अंश. उंची तर मोजाच, पण भोक बिजागरीच्या रेषेच्या नेमकं खाली आहे का, तेही गुण्या लावून बघा. ते मागे गेलं असेल तर वर आणि खाली फिरण्याचं माप वेगळं येतं. दोन बाजूंना ते वेगवेगळं मागे गेलं असेल तर हा फरक रेडिओने एका टोकाला जुळवता येतो, दुसऱ्या टोकाला तो उरतोच.

बॉल लिंक (पुशरॉडच्या टोकाचा गोळीचा सांधा) दोन पट्ट्यांच्या हॉर्नमध्ये मधोमध पकडलेली असावी. एका बाजूने लटकवलेली लिंक हॉर्नला पीळ देते. एकाच बाजूची ठेवणं भाग असेल तर बोल्टच्या डोक्याखाली मोठा वायसर घाला, म्हणजे बॉल निघाला तरी लिंक सुटून पडणार नाही. बोल्टला नायलॉन नट लावा. लोखंडी बोल्ट अ‍ॅल्युमिनियमच्या आर्ममध्ये थेट आटून बसवला असेल तर निळा थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा द्रव) हवा, पण प्लास्टिकच्या लिंकवर त्याचा थेंब पडू देऊ नका, प्लास्टिक तडकतं. पुशरॉडचे किमान ६ मिमी आटे लिंकमध्ये गेले पाहिजेत. डाव्या-उजव्या आट्यांचा टर्नबकल वापरलात तर दोन्ही बाजूंना डावा आटा एकाच टोकाला ठेवा, म्हणजे मैदानावर कुठल्या दिशेला फिरवायचं याचा गोंधळ होत नाही.

आता आर्म. मधल्या स्थितीत तो पुशरॉडशी काटकोनात हवा. आर्म दात्यांवर बसतो, त्यामुळे तो हवा तिथे थांबत नाही. फुताबाच्या २५ दात्यांच्या सर्व्होवर एक दाता म्हणजे १४.४ अंश, २४ दात्यांवर १५ अंश. म्हणून लोक जवळचा दाता पकडून बाकीचं सबट्रिमने भरून काढतात. तो किती महाग पडतो ते बघा. ३८ मिमीचा आर्म मध्यापासून १० अंश कलता बसला आणि सर्व्हो दोन्हीकडे ४० अंश फिरला, तर एका बाजूला पुशरॉड २२.५ मिमी सरकतो आणि दुसऱ्या बाजूला २५.६ मिमी. तीन मिलिमीटरचा फरक, तोही फक्त एका एलिव्हेटरला.

२५ दात्यांच्या सर्व्होवर एक उपाय आहे. दाते विषम असल्यामुळे दुहेरी आर्म काढून १८० अंश फिरवून, म्हणजे दुसरी बाजू पुढे आणून बसवला तर तो बरोबर अर्ध्या दात्याने, ७.२ अंशांनी सरकतो. त्यामुळे चूक जास्तीत जास्त साडेतीन अंशांपर्यंत आणता येते. नको असलेली बाजू मग कापून टाका. २४ दात्यांवर ही युक्ती चालत नाही. तिथे पुशरॉडची लांबी बदलून आर्म आणि हॉर्न दोन्ही एकाच वेळी काटकोनाच्या जवळ आणायचे, आणि त्यानंतर जे उरेल तेवढंच सबट्रिम.

आर्मच्या लांबीचं एक सर्रास दिसणारं चुकीचं गणित : थ्रीडीसाठी (पृष्ठभाग खूप फिरवून कमी वेगात करायच्या कसरतींसाठी) लांब आर्म लावलेला असतो आणि उडवणारा मात्र शांत एरोबॅटिक्स करतो, म्हणून एंड पॉइंट ४० टक्क्यांवर आणलेले असतात. २५ किलो-सेमीचा सर्व्हो, ३८ मिमीचा आर्म, ३० मिमीचा हॉर्न असेल तर पृष्ठभागावर जेमतेम २० किलो-सेमी जोर पोचतो. आर्म २५ मिमीचा केला तर तोच सर्व्हो ३० किलो-सेमी देतो. गिअरमधला अर्ध्या अंशाचा प्लेही पृष्ठभागावर ०.६ अंशावरून ०.४ अंशावर येतो. ४५ अंश लागत नसतील तर आर्म छोटा करा आणि एंड पॉइंट पूर्ण उघडा. मध्यावर न परतणाऱ्या एलिव्हेटरच्या कितीतरी तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

रडरची केबल

सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले याच भागात मिळतात, म्हणून इथे जरा थांबू.

सर्व्हो पंखाजवळ, तिथून दोन केबली मागे रडरपर्यंत, अंतर ९०० ते १००० मिमी. तक्रार दोनपैकी एक असते. मध्यात केबली ताठ आहेत, पण रडर फिरवला की दोन्ही सैल पडतात आणि शेपटी डुलते. किंवा उलट, मध्यात ठीक आहेत आणि पूर्ण फिरवल्यावर इतक्या ताणल्या जातात की सर्व्हो कण्हतो.

बरेच जण सांगतात की आर्म आणि हॉर्न सारख्या रुंदीचे नाहीत म्हणून असं होतं. रुंदीचा परिणाम या लांबीच्या केबलवर नगण्य असतो. आर्म ७६ मिमी आणि हॉर्न ५० मिमी रुंद असला तरी ९०० मिमीवर फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. खरं कारण भोकांच्या जागेत आहे. हॉर्नची दोन्ही भोकं बिजागरीच्या रेषेच्या मागे असतील, तर रडर फिरताना दोन्ही केबली सैल होतात. ५ मिमी मागे असतील आणि रडर ३५ अंश फिरला तर प्रत्येक केबल सुमारे ०.९ मिमी सैल पडते. भोकं रेषेच्या पुढे असतील तर तेवढ्याच दोन्ही ताणल्या जातात.

उपाय यातूनच निघतो. शक्य असेल तर हॉर्न पुढे सरकवा, म्हणजे भोकं बरोबर रेषेवर येतील. रडरच्या पुढच्या कडेच्या तिरक्या कापामुळे ते जमत नसेल, तर जितकी भोकं बिजागरीच्या मागे आहेत तितकीच सर्व्होच्या आर्मची भोकंही सर्व्होच्या मध्यापासून मागे, म्हणजे शेपटीकडे, असायला हवीत. हॉर्न आणि आर्म सारख्याच रुंदीचे असतील तर समांतर चौकट तयार होते आणि केबलची लांबी कुठल्याच कोनात बदलत नाही. भोकं मागे सरकवलेले अ‍ॅल्युमिनियमचे आर्म तयार मिळतात. पण आधी हॉर्नचं अंतर मोजा. भोकं रेषेवर असताना असा आर्म लावलात तर फिरवल्यावर केबली ताणल्या जातील आणि एक दोष जाऊन दुसरा येईल.

दोन दोषांत निवड करायची वेळ आली तर किंचित सैलपणा परवडतो. ज्या बाजूची केबल रडरला ओढते आहे तीवर हवेचा जोर असल्याने ती ताठच राहते. ताणामुळे मात्र सर्व्होच्या वरच्या बेअरिंगवर आणि फिनच्या बिजागऱ्यांवर सतत भार येतो.

क्रिम्प करताना, म्हणजे केबलचं टोक नळीत दाबून पक्कं करताना, केबल तांब्याच्या नळीतून न्या, टर्मिनलच्या भोकातून फिरवून नळीत परत आणा, मग तेच टोक नळीबाहेर वळवून तिसऱ्यांदा नळीतून न्या आणि पकडीने दोन-तीन ठिकाणी दाबा. फक्त दोनदा गेलेली केबल भाराखाली सरकते. नायलॉनचं आवरण असलेल्या केबलवर आवरण हळूहळू चेपतं आणि केबल दर उड्डाणाला थोडी सैल होते. ट्रिम रोज बदलण्यामागे हेही कारण असतं. क्रिम्पजवळ पर्मनंट मार्करने एक रेघ मारून ठेवा. रेघ नळीपासून दूर गेली तर केबल सरकते आहे.

तापमानाचाही हिशोब ठेवा. स्टेनलेस स्टीलची एक मीटर केबल २० अंश सेल्सिअसच्या फरकाने सुमारे ०.३४ मिमी लांबते, आणि लाकडाचं फ्युजलाज (विमानाचं धड) रेषांच्या दिशेने त्यापेक्षा बरंच कमी. विदर्भातल्या एप्रिल-मेच्या दुपारी उन्हात अर्धा तास उभ्या असलेल्या विमानाची केबल घरात पंख्याखाली बसवलेल्यापेक्षा सैल वाटणारच. म्हणून शेवटचा ताण मैदानावरच, ज्या उन्हात उडवायचं त्याच उन्हात द्या. केबलच्या मध्यावर बोटाने दाबल्यावर ती थोडी दबली पाहिजे. टणत्कार येईल एवढी ताणू नका. दोन केबली एकमेकींना ओलांडत असतील तर आर्मवर एक वरून आणि एक खालून जोडा, म्हणजे त्या घासणार नाहीत. बाहेर पडायच्या खाचेत टेफ्लॉनच्या नळीचा तुकडा बसवा.

रडरचा सर्व्हो मागे नेऊन केबलच काढून टाकावी का, हा प्रश्न नेहमी येतो. नेता येतो, पण आधी वजनाचा हिशोब करा. ७० ग्रॅमचा सर्व्हो, आर्म आणि वायर धरून १०० ग्रॅम समतोलाच्या जागेपासून १.२ मीटर मागे गेले, तर पुढे अर्ध्या मीटरवर २४० ग्रॅम वजन हवं. दोन्ही बॅटऱ्या फायरवॉलपर्यंत नेऊनही ते जमत नसेल तर केबलच ठेवा.

टेलव्हील

रडरचा सर्व्हो वारंवार गिअर गमावत असेल तर आधी टेलव्हील बघा. चाकाचा दांडा रडरला कडक तारेने जोडला असेल, तर खडबडीत मैदानावरचा प्रत्येक धक्का सरळ सर्व्होत जातो. मधे दोन मऊ स्प्रिंगा हव्यात, दोन्ही सारख्या लांबीच्या, मध्यात किंचित ताणलेल्या. चाक हाताने पूर्ण वळवलं तरी रडर जागेवर राहिला पाहिजे. ब्रॅकेटचे स्क्रू बालसात बसले असतील तर आत प्लायचा किंवा कडक लाकडाचा ठोकळा बसवा, भोकात पातळ सायनोअ‍ॅक्रिलेटचे (फेव्हिक्विकच्या जातीच्या गोंदाचे) दोन थेंब सोडून वाळू द्या आणि मग स्क्रू आवळा.

मागच्या सर्व्होची वायर

एलिव्हेटरचे सर्व्हो शेपटीत असतात तेव्हा वायर सव्वा मीटरपर्यंत जाते. २६ गेजच्या १.२ मीटर वायरमधून ३ अँपिअर गेले तर जाता-येता मिळून जवळजवळ १ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो. २२ गेजमध्ये ०.४ व्होल्टच्या आत. लूपच्या ऐन ताणात डावा सर्व्हो एका जाडीच्या आणि उजवा दुसऱ्या जाडीच्या वायरवर असेल, तर जमिनीवर तंतोतंत जुळलेले एलिव्हेटर हवेत जुळत नाहीत. दोन्हीकडे २० किंवा २२ गेज, सारखीच लांबी आणि सारख्याच मॉडेलचे सर्व्हो. कनेक्टर क्लिपने किंवा दोऱ्याने बांधा. फ्युजलाजमध्ये लोंबणारी वायर फोमच्या तुकड्यांनी अडकवा.

आता रेडिओ

दोन्ही एलिव्हेटर वेगळ्या चॅनलवर घ्या. वाय वायरने (एका चॅनलवर दोन सर्व्हो जोडणाऱ्या वायरने) जोडलेले असतील तर जुळवणीसाठी सर्व्हो प्रोग्रामर किंवा मॅचबॉक्स लागेल. आधी मध्य जुळवा, मग पूर्ण वर, मग पूर्ण खाली, आणि त्यानंतर अर्ध्यावर दोन्ही दिशांना बघा. टोकांना जुळून अर्ध्यावर चुकत असेल तर आर्म किंवा हॉर्नचा कोन वेगळा आहे. तिथे पाच बिंदूंचा कर्व्ह लावण्याआधी परत पाना हातात घ्या.

सुरुवातीची मापं : एलिव्हेटर लो रेटला (कमी फिरण्याच्या सेटिंगला) १२ ते १५ अंश आणि २५ टक्के एक्स्पो (स्टिकच्या मध्याजवळ प्रतिसाद मऊ करणारी सेटिंग), थ्रीडीसाठी ४० ते ४५ अंश आणि ५० ते ६० टक्के. रडर लो रेटला २५ अंश. एक्स्पोचं चिन्ह तपासा : फुताबा आणि हायटेकवर मऊ करायला वजा, स्पेक्ट्रमवर अधिक. चिन्ह चुकलं तर मध्याजवळ विमान अतिशय तिखट होतं आणि दोष शेपटीवर येतो.

लूप तपासण्याआधी पंखांचा समतोल जमिनीवरच करून घ्या. प्रॉपची शाफ्ट आणि रडरचं खालचं टोक बोटांवर तोलून जड पंख शोधा आणि हलक्या पंखाच्या टोकाला वजन द्या. हे टाळता येत नाही, कारण जड पंख आणि न जुळलेले एलिव्हेटर हवेत सारखेच वागतात. दोन्हीत स्टिक ओढताना विमान एका अंगावर कलतं आणि ढकलताना उलट्या अंगावर. एलिव्हेटरच्या बाबतीत ज्या बाजूचा अर्धा भाग जास्त वर जातो, त्या बाजूचा पंख खाली जातो. इंजिनाच्या माउंटचा किंवा रडरचा दोष असेल तर नाक दोन्ही वेळी एकाच बाजूला वळतं, त्यावरून तो वेगळा ओळखता येतो.

लूप मोठा घ्या, वाऱ्याच्या समोर. २२-२३ इंची प्रॉपचा जायरोस्कोपसारखा परिणाम घट्ट लूपमध्ये नाक उजवीकडे ओढतो. तो शेपटीचा दोष धरून एलिव्हेटर बदलू नका. पाच लूप सलग घ्या आणि पाचांपैकी चार एकाच बाजूला गेले तरच हात लावा. एका वेळी एकच बदल, एंड पॉइंटचे दोन टक्के.

हवेत कधीही अचानक भरडल्यासारखा, गुंजणारा आवाज आला तर थ्रॉटल लगेच बंद करा, नाक हलक्या हाताने वर घेऊन वेग मारा आणि सरळ उतरा. उतरल्यावर सर्व्होचे गिअर उघडून बघा, हॉर्नच्या मुळाशी कव्हरिंगला सुरकुती आली आहे का आणि बिजागरीजवळ बालसावर पांढरी रेघ दिसते का, हे भिंगातून तपासा. बाहेरून सगळं ठीक दिसलं तरी तो सर्व्हो त्या जागी परत लावायचा नाही.

नव्याने बसवलेली शेपटी पहिल्या चार-पाच उड्डाणांनंतर एकदा पूर्ण तपासावी लागते. केबल तेवढ्यात बसते, नायलॉन नट स्थिरावतात, ट्यूबवरची टेप दबते. त्यानंतर दर वीस उड्डाणांनी बोट लावून तपासणी, आणि पावसाळ्यात विमान दोन-तीन महिने भिंतीला टांगून ठेवलं असेल तर पहिल्या उड्डाणाआधी स्टॅबचे स्क्रू, टेलव्हीलचे स्क्रू आणि केबलचा ताण परत बघा. दमट हवेत प्लाय फुगतो, पाऊस संपल्यावर आटतो, आणि ज्या स्क्रूवर जुलैत हात थांबला होता तो ऑक्टोबरात अर्धा आटा सैल सापडतो.